पॅकिंग टेबल, मोबाईलचा व्हिडिओ आणि कंबरदुखी: बुटीबोरीतला अनुभव

बुटीबोरी_शिफ्ट (धागाकर्ता) · ४ मे, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. मी नागपूरजवळच्या बुटीबोरी एमआयडीसीत एका मध्यम आकाराच्या कारखान्यात सेफ्टी बघतो. आमच्याकडे पॅकिंगला १४ जणी आहेत. दिवाळीपासून रोज कोणी ना कोणी कंबर धरून माझ्या टेबलाशी येऊन राहिली होती. बाम, गोळी, फारच झालं तर अर्धी सुट्टी. मी रजिस्टरमध्ये लिहीत गेलो. फेब्रुवारीत एकदा ते रजिस्टर मागं चाळत गेलो, तर कंबर, कंबर, मान, कंबर, खांदा, कंबर. आणि दोन नंबरच्या टेबलावरच्या त्याच पाच जणींची नावं.

बोट कापलं, शॉक लागला, तर त्याच दिवशी चौकशी बसते. कंबर वर्षभर थोडी थोडी जाते, म्हणून तिची चौकशी होतच नाही. मालकांना सांगितलं तर ते म्हणाले, घरी धुणीभांडीही करतातच ना, इथल्यामुळेच दुखते कशावरून? माणूस वाईट नाही, प्रश्न खरा होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मोजायचं ठरवलं.

मोबाईल ट्रायपॉडवर लावला. टेबलाच्या बाजूला, साधारण कंबरेच्या उंचीवर, तीन मीटर लांब. ताईंना आधी विचारलं, कशासाठी ते सांगितलं, आणि प्रत्येकीचा २० मिनिटांचा व्हिडिओ घेतला. भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्यानं लॅपटॉपवर मीडियापाइप नावाचं सॉफ्टवेअर टाकून दिलं. फुकट मिळतं. ते व्हिडिओतल्या माणसाच्या अंगावर ३३ बिंदू बसवतं: खांदा, कोपर, मनगट, खुबा, गुडघा, घोटा वगैरे. तीन बिंदू मिळाले की सांध्याचा कोन निघतो, आणि तो प्रत्येक फ्रेमला निघतो. मी डोळ्यांनी बघून "वाकतात" एवढंच म्हणत होतो. लॅपटॉप म्हणाला, धड ३५ अंश पुढं, मान २५ अंश खाली, दंड ५० अंश उचललेला. मिनिटाला सहा वेळा, दिवसभर.

हे कोन मी रुलाच्या तक्त्यात टाकले. रुला म्हणजे इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला मॅकअटॅम्नी आणि कॉर्लेट यांनी १९९३ मध्ये मांडलेली पद्धत. हात, मनगट, मान, धड यांच्या कोनांना गुण द्यायचे, वजन आणि पुनरावृत्तीचे गुण त्यात मिळवायचे, शेवटी १ ते ७ मधला एक आकडा येतो. १-२ म्हणजे चालेल. ७ म्हणजे आत्ताच बदला. आमच्या दोन नंबरच्या टेबलाला ७ आले.

तो कागद आणि थांबवलेल्या व्हिडिओचा एक फोटो मालकांपुढं ठेवला. फोटोत ताईंच्या पाठीवर सॉफ्टवेअरनं काढलेली तिरपी रेघ होती. ते बराच वेळ त्या रेघेकडं बघत राहिले. मग म्हणाले, वेल्डरला बोलाव.

टेबल ७२ सेंटिमीटर उंच होतं. पायांना अँगल जोडून ते ८७ केलं. खर्च अगदी किरकोळ. पुन्हा व्हिडिओ घेतला: धड १० अंश, मान १५, दंड ३०. मला वाटलं आता २ किंवा ३ येतील. आले ६. फक्त एक गुण कमी. दोन दिवस याच विचारात आहे. माझं कुठं चुकलं, कोणी सांगेल का?

---

फिजिओ_धरमपेठ · ४ मे, रात्री ११:०५

दादा, चुकलं काहीच नाही. तुम्ही एका ट्रेचं वजन लिहिलं नाही. किती आहे?

---

बुटीबोरी_शिफ्ट · ४ मे, रात्री ११:११

साधारण ३ किलो. ट्रे टेबलावरून उचलून खोक्यात ठेवायचा.

---

फिजिओ_धरमपेठ · ४ मे, रात्री ११:४०

मग तिथंच आहे उत्तर. रुलात २ ते १० किलोचं वजन पुन्हा पुन्हा उचललं की त्याचे २ गुण. मिनिटाला चारपेक्षा जास्त वेळा तीच हालचाल केली की आणखी १. हे तीन गुण हाताच्या बाजूलाही मिळवले जातात आणि मान-धडाच्या बाजूलाही. तुम्ही कोन सुधारलेत, पण ते तीन-तीन गुण जागच्या जागीच आहेत. टेबल कितीही उंच केलं तरी ते जाणार नाहीत.

ट्रे उचलायचा नसेल तर? टेबलावर रोलर बसवा, खोकं आडवं ठेवा, ट्रे ढकलत आत जाऊ द्या. ढकलायला दोन किलोपेक्षा कमी जोर लागला तर वजनाचे गुण शून्य होतात. तुमच्याच कोनांनी मी आत्ता कागदावर करून बघितलं. हात बाहेर फाकत नसतील, कमरेत पिळा नसेल आणि मिनिटाला चारच्या वर हालचाल होत नसेल, तर ३ येतात. त्यासाठी वेग कमी करावा लागेल. सोबत दर तासाला ताईंची जागाही बदला.

माझ्याकडं बुटीबोरी-हिंगण्याकडून येणारे पेशंट असतात. मी त्यांना व्यायाम शिकवते, तीन आठवड्यांत बरं वाटतं, आणि ते त्याच टेबलावर परत जातात. तुम्ही टेबल बदललंत हे वाचून फार बरं वाटलं.

---

मिहान_टेस्टर · ५ मे, सकाळी ९:१५

भाऊ, सॉफ्टवेअरबद्दल थोडं. ताई साडी नेसतात का?

---

बुटीबोरी_शिफ्ट · ५ मे, दुपारी १:३०

चौदापैकी सहा जणी साडीवर अ‍ॅप्रन घालतात. बाकीच्या सलवार-कुर्त्यात. का विचारलंत ते कळलं. त्या सहा जणींच्या व्हिडिओत गुडघ्याचा बिंदू उडत होता. एका फ्रेममध्ये इथं, दुसऱ्यात वीतभर पुढं.

---

मिहान_टेस्टर · ५ मे, दुपारी २:०५

तेच. साडीच्या निऱ्यांत गुडघा दिसत नाही, म्हणून सॉफ्टवेअर अंदाज बांधतं आणि तो अंदाजही ठामपणे सांगतं. मीडियापाइप प्रत्येक बिंदूसोबत तो कितपत दिसतो याचाही आकडा देतं, शून्य ते एक. भाच्याला सांगा, ०.५ च्या खालचे बिंदू हिशेबातून काढ. खुबा आणि खांदा सहसा नीट मिळतात, त्यामुळं धडाचा कोन भरवशाचा असतो. पायाचं डोळ्यांनी बघून लिहा.

दुसरं, एका बाजूच्या कॅमेऱ्याला कमरेतला पिळा दिसत नाही. ताई वळून मागच्या पॅलेटवर खोकं ठेवत असतील तर त्या क्षणी सगळे कोन खोटे येतात. दुसरा मोबाईल समोरून लावा. मनगट आतून किती वळतं, बोटांनी किती घट्ट धरलंय, हे तर कुठल्याच व्हिडिओत येणार नाही. ते हात लावून, विचारूनच कळतं.

---

जुना_फोरमन · ५ मे, संध्याकाळी ७:५०

मी ३१ वर्षं हिंगण्याच्या एमआयडीसीत काढली. आमच्या वेळी टेबलाची उंची कोण ठरवायचं? जो वेल्डर टेबल बनवायचा तो. तो स्वतः पाच फूट आठ इंच, आणि पत्रा जेवढा शिल्लक तेवढे पाय.

एक विचारतो. ८७ सेंटिमीटर उंची कशावरून धरली?

---

बुटीबोरी_शिफ्ट · ५ मे, रात्री ९:३०

काका, कोपरावरून. टेपनं सगळ्यांचं कोपर मोजलं, सरासरी ९५ आली, आणि ८ सेंटिमीटर खाली टेबल ठेवलं. आधी भाच्यानं एका थ्रीडी सॉफ्टवेअरमधला पुतळा टेबलापुढं उभा करून दाखवला होता. त्या पुतळ्याला ९८ सेंटिमीटरचं टेबल लागत होतं. मग बघितलं तर तो परदेशी मापाचा पुरुष होता, न बदलता तसाच ठेवलेला. आमच्या सर्वांत बुटक्या ताईंचं कोपर ८९ वर आहे. त्या पुतळ्याचं ऐकलं असतं तर त्यांना दिवसभर खांदे उचलून काम करावं लागलं असतं.

नंतर कळलं की भारतीय मापांचं पुस्तक आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेनं १९९७ मध्ये काढलेलं, देबकुमार चक्रबर्ती यांचं. सॉफ्टवेअरमध्ये माप हातानं टाकता येत असेल तर त्यातलं टाकावं, किंवा सरळ आपल्या माणसांचं मोजावं. चौदा जणींची कोपरं मोजायला मला अर्धा तास लागला.

---

जुना_फोरमन · ५ मे, रात्री ९:५२

मग ८९ वाल्या बाईचं काय केलं? खोक्याची कड तर टेबलाच्या वर येते.

---

बुटीबोरी_शिफ्ट · ५ मे, रात्री १०:०४

बरोबर पकडलंत. त्यांच्यासाठी आठ सेंटिमीटरचा लाकडी पाट केला, रुंद, कडेला पिवळी पट्टी मारून. अडखळायची भीती आहेच, म्हणून तो जमिनीला स्क्रूनं बसवला.

---

कळमन्याचा_पोरगा · ६ मे, रात्री ८:२०

दादा, मी कालपासून वाचून राहिलो. माहे बाबा कळमना मार्केटात हमाल हायेत, २६ वर्षं झाली. पोतं ५० किलोचं. सीझनमध्ये ट्रक रिकामा करताना दिवसाचे किती पोते होते, मोजतबी नाही. आता त्याईले सकाळी खाटेवरून उठाले दहा मिनिटं लागते. आधी कुशीवर होते, मग खाटेची पाटी धरते, मग पाय खाली सोडते, तसेच बसून राहते, आणि मग उभे होते. मी रोज बघतो.

हे कॉम्प्युटरवालं त्याईच्या कामाचं काही सांगू शकते का? मी बी.कॉम. करून राहिलो, एक्सेल येते मले.

---

फिजिओ_धरमपेठ · ६ मे, रात्री ९:४५

सांगू शकतं. आणि एक्सेल येतं ना तुला, तेवढं पुरे.

उचलण्याच्या कामासाठी नायॉश या अमेरिकन सरकारी संस्थेचं सूत्र आहे. १९८१ मध्ये आलं, १९९१ मध्ये सुधारलं. सुरुवात २३ किलोपासून होते. ओझं अंगाजवळ, पकड चांगली, उंची सोयीची, वळायचं नाही, अधूनमधून उचलायचं, असं सगळं उत्तम असेल तेव्हाचे हे २३. मग जे जे बिघडलेलं असेल त्याचा एकेक गुणक लावत ते कमी करत जायचं.

समज, १८ किलोचं खोकं आहे. तळाशी ठेवलेलं, हात १५ सेंटिमीटर उंचीवर. अंगापासून ४५ सेंटिमीटर लांब. ९५ पर्यंत उचलायचं, ४५ अंश वळून. मिनिटाला एक, आठ तास. पकड मध्यम.

अंतराचा गुणक २५ भागिले ४५, म्हणजे ०.५६. उंचीचा ०.८२. ८० सेंटिमीटर उचलण्याचा ०.८८. वळण्याचा ०.८६. वारंवारतेचा ०.७५. पकडीचा ०.९५. २३ ला या सगळ्यांनी गुणलं की उरतात साधारण ५.६ किलो. उचलतोय १८. १८ भागिले ५.६, म्हणजे ३.२. हा भागाकार १ च्या आत हवा. ३ च्या वर गेला की पाठीला मोठा धोका.

आता तेच खोकं स्टँडवर ठेव, हात ६५ सेंटिमीटरवर. अंगापासून ३० वर आण. वळणं बंद. बाकी सगळं तेच. चालेल असं वजन १२.८ किलो होतं, भागाकार १.४. आणि खोकं १२ किलोचं केलं तर १ च्या खाली येतं. चार आकडे बदलून बघितलेस की कुठं हात घालायचा ते एक्सेलच दाखवतं. इथं सर्वांत जास्त मार अंगापासूनच्या अंतराचा आहे, तो जवळजवळ निम्मी ताकद खातो.

---

कळमन्याचा_पोरगा · ६ मे, रात्री १०:३०

ताई, मी टाकून पाह्यलं. ५० किलोले सगळं चांगलं धरलं, तरी ५० भागिले २३, २.१७ येते. म्हणजे पोतं कसंही उचला, जास्तच हाये?

---

फिजिओ_धरमपेठ · ६ मे, रात्री १०:४१

हो. कसंही उचललं तरी जास्तच. बाबांना "नीट वाकून उचला" असं कोणी सांगत असेल, तर चूक बाबांची नव्हती एवढं त्यांना नक्की सांग.

एक मात्र लक्षात ठेव. हे सूत्र दोन्ही हातांनी उचलून ठेवण्याचं आहे. पोतं पाठीवर घेऊन फळीवरून चालत जाणं त्यात बसत नाही. प्रत्यक्षात धोका या आकड्याहून मोठाच असेल.

---

जुना_फोरमन · ७ मे, सकाळी ७:३०

पोरा, मी लहान असताना धान्याचं पोतं क्विंटलचं असायचं, १०० किलो. दोघं जण आकडी लावून तिसऱ्याच्या पाठीवर द्यायचे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९६७ मध्ये शिफारस केली की एका पुरुषाच्या अंगावर ५५ किलोहून जास्त द्यायची पद्धत असेल तर ती लवकरात लवकर खाली आणा. पोत्याचं वजन निम्म्यावर आलं ते पाहिलेली आमची पिढी आहे. आपल्याकडं १९६९ चा माथाडी कायदा हमालांसाठीच आहे. बाबांची मंडळात नोंद आहे ना? नसेल तर आधी ते बघ.

अजून एक, त्या सूत्रात तापमान धरलंय का? काल शेडमध्ये उभं राहवत नव्हतं.

---

फिजिओ_धरमपेठ · ७ मे, सकाळी ८:१०

काका, फार महत्त्वाचं विचारलंत. ते सूत्र साधारण १९ ते २६ अंश तापमान गृहीत धरतं. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४५ च्या आसपास असतो, पत्र्याच्या शेडखाली त्याहून जास्त. आलेला आकडा जानेवारीचा समजायचा. मेमध्ये वजन आणखी कमी, पाळी सकाळी लवकर, आणि पाणी व सावलीतली विश्रांती कामाच्या वेळातच धरलेली हवी.

---

गोदाम_ताई · ७ मे, रात्री ९:२०

मला वेगळं बोलायचं आहे. मी वर्धा रोडवरच्या एका गोदामात होते. तिथंही "तुमच्या पाठीसाठी" म्हणून कॅमेरे लावले. महिनाभरानं त्याच व्हिडिओवरून कोण किती सेकंद थांबलं याची यादी निघाली. मी पाणी प्यायला गेले तेही त्यात होतं. टेबलं तशीच राहिली, खोक्यांचं टार्गेट वाढलं. सोडलं मी ते काम. दादा, तुमचा हेतू चांगला आहे हे लिहिण्यावरून कळतं. पण तुमच्यानंतर त्या खुर्चीत दुसरं कोणी बसेल, तेव्हा ते व्हिडिओ कुठं असतील?

---

बुटीबोरी_शिफ्ट · ७ मे, रात्री ११:१५

ताई, तुमची पोस्ट तीनदा वाचली. व्हिडिओ माझ्या मोबाईलमध्येच पडून होते. आत्ता उत्तर लिहायच्या आधी भाच्याला फोन केला. कोनांची शीट ठेवली आणि सगळे व्हिडिओ पुसले, त्याच्या लॅपटॉपवरचेही. शीटमध्ये नावं नाहीत, टेबल नंबर आणि कोपराची उंची एवढंच आहे. उद्या मालकांकडून लेखी घेतो की पाठीसाठी केलेलं रेकॉर्डिंग कामाचा वेग मोजायला वापरायचं नाही, आणि तो कागद पॅकिंगच्या फलकावर लावतो. हे मी आधीच करायला हवं होतं.

---

मिहान_टेस्टर · ८ मे, सकाळी १०:००

पुढच्या वेळी व्हिडिओ साठवूच नका. कॅमेऱ्यातून येतानाच बिंदू काढायचे आणि चित्र टाकून द्यायचं, हे त्याच सॉफ्टवेअरमध्ये होतं. कोड लिहून देतो, निरोप टाका.

---

इतवारी_वहीखातं · ८ मे, दुपारी ४:३५

मी इतवारीत एका घाऊक दुकानात टॅली बघते. लॅपटॉप, प्लास्टिकची खुर्ची, दहा तास. उजवं मनगट आणि मान दोन्ही गेलंय. आम्हांला मोजणारं कोणी नाही. काय करू?

---

फिजिओ_धरमपेठ · ८ मे, संध्याकाळी ६:१०

लॅपटॉपची स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना चिकटलेले असतात. एक जागेवर आणलं की दुसरं बिघडतं. वेगळा कीबोर्ड आणि माऊस घ्या, नंबरपॅड असलेला, आणि लॅपटॉप जुन्या वह्यांच्या गठ्ठ्यावर ठेवा, वरची कड डोळ्यांच्या रेषेत, हातभर लांब. खुर्ची बुटकी पडत असेल तर गादी घ्या आणि पायांखाली काहीतरी ठेवा. वर्करेव्ह नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते ठरलेल्या वेळानं थांबायची आठवण करून देतं. मनगटात रात्री मुंग्या येत असतील तर अंगावर काढू नका, दाखवा.

---

बुटीबोरी_शिफ्ट · २३ मे, रात्री १०:४५

उशीर झाला, माफ करा. रोलर बसले. भंगारातल्या जुन्या कन्व्हेयरचे होते, बेअरिंग तेवढे नवे टाकले. खोकं आता आडवं, ट्रे सरकत आत जातो. स्प्रिंगकाट्यानं ओढून बघितलं, एक किलोच्या थोडं वर जोर लागतो. दर तासाला जागा बदलतो, लेबलिंगवाल्या पॅकिंगला आणि पॅकिंगवाल्या लेबलिंगला. मिनिटाला सहाचे अजून पाचच झालेत, त्यामुळं पुनरावृत्तीचा गुण अजून आहेच. मालकांशी बोलणं चालू आहे.

फलकावर कागद लागला. खाली ताईंनीच पेननं एक ओळ वाढवली: "पाण्याला गेल्यास मोजू नये." मालकांनी त्यावर सही केली.

आणि एक गोष्ट ना सॉफ्टवेअरला दिसली ना मला. दोन नंबरवरच्या एक ताई डावखुऱ्या आहेत. टेपगन उजवीकडं टांगलेली, त्या दर खोक्याला अंगावरून हात आडवा नेत होत्या. बाजूच्या कॅमेऱ्यात ते येत नव्हतं. मी शेजारी बसून चहा घेत होतो तेव्हा त्यांनीच सांगितलं. हूक डावीकडं लावून दिला, दोन मिनिटांचं काम.

कळमन्याच्या भावा, बाबांची नोंद बघितलीस का?

---

कळमन्याचा_पोरगा · २४ मे, सकाळी ६:५०

बघितली दादा, नोंद हाये. एक्सेल प्रिंट करून बाबाले वाचून दाखवलं. ते २.१७ वर बोट ठेवून बसले होते. मग म्हणे, हे आमच्या मुकादमाले दाखव. रविवारी सकाळी सहाले मुकादम भेटून राहिले, धान्याच्या शेडपाशी. तुम्ही येता का? टेप माह्याकडं नाही.

---

बुटीबोरी_शिफ्ट · २४ मे, सकाळी ७:२०

येतो. टेप आणि स्प्रिंगकाटा दोन्ही आणतो. ट्रकच्या फाळक्याची उंची आणि थप्पीची उंची आधी मोजू.

---

जुना_फोरमन · २४ मे, सकाळी ७:४५

मीही येतो. गाडी गेटबाहेर लावा, आत ट्रकांची गर्दी असते.